बोथट कात्री

४ फेब्रुवारी

बारके,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू दर वाक्याला "काय? काय म्हणालास? मोठ्यानं बोल की" करतेस, आणि मी तर मोठ्यानंच बोलत असतो. तुझी वहिनी म्हणते, ह्यांचा आवाज विहिरीत पडलाय. घशाच्या डॉक्टरनं नळी घालून पाहिलं, घसा कोरा करकरीत निघाला. म्हटलं, आता लिहावं. कागद तरी उलट "काय?" म्हणत नाही.

बाकी सगळं ठीक. रोज क्रेनवर चढतो, रोज उतरतो. मागच्या आठवड्यात तेवढी एक गंमत झाली. वहिनी दूध गॅसवर ठेवून शेजारी गेली. मी स्वयंपाकघराच्या दारातच शब्दकोडं सोडवत बसलेलो. ती परत आली तर पातेलं काळं ठिक्कर, खोलीत धूर, आणि हा बाबा "उभे शब्द" शोधतोय. मला वासच आला नाही. "ते नाक आहे की चष्म्याची खुंटी?" म्हणाली. झोपेत मी म्हणे लाथाही झाडतो. एक तिच्या बरगडीत बसली, तेव्हापासून ती ठकूच्या खोलीत झोपते. लेक लग्न होऊन गेली, खोली रिकामीच होती. "इतक्या वर्षांच्या संसारात हात उचलला नाही आणि आता लाथा," असं म्हणून वहिनी हसते. पण दाराला आतून कडी लावते.

आणि एक. टीव्ही बघताना डाव्या हाताचा अंगठा आपला आपण नाचतो. क्रेनची दांडी धरली की गप्प बसतो, तेव्हा काळजी नाही.

तू त्या प्रयोगशाळेत साखरेचंच काहीतरी करतेस ना? मग सांग, हा मधुमेह असेल का? पुढच्या महिन्यात बंदरावर सगळ्यांची तपासणी आहे, त्याआधी कळलेलं बरं. ठकूला काही बोलू नकोस. तिला दिवस गेलेत.

आशीर्वाद.
दादा

१२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचलं, मग नुसतं पाहत बसले. वरच्या ओळीत तुझं अक्षर नेहमीचं, दुकानाच्या पाटीसारखं ऐसपैस. खाली येता येता ते बारीक होत गेलंय आणि शेवटचा "आशीर्वाद" तर मुंगीएवढा. तू काटकसर म्हणून असं लिहिलं नसशील. आजवर तुला कशातच काटकसर जमलेली नाही.

हा मधुमेह नाही. काय आहे ते मी पत्रातून सांगणार नाही, कारण मी डॉक्टर नाही, परीक्षानळ्या धुणारी बाई आहे. मेंदूच्या डॉक्टरकडे जा. ह्याच आठवड्यात. आवाज, वास, झोप, अंगठा, अक्षर, पाचही गोष्टी सांग. अंगठ्याची तेवढी सांगून परत येऊ नकोस.

माझी साखर चहातली नाही. नीट सांगते, कारण आता तुला कळायला हवं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक भंगाराची खोली असते. जुनं, तुटकं, नको असलेलं सगळं तिथे जातं आणि सुटं करून परत वापरलं जातं. एका जातीच्या चरबीला साखरेचा एक मणी चिकटलेला असतो. तो मणी कापून काढणारं एन्झाइम मी मोजते. कात्रीच समज. ही कात्री बोथट झाली की त्या खोलीत अडगळ साचते. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात, हात हलव, पाऊल उचल, आवाज चढव. त्या निरोपांच्या वाटेवर एक प्रथिन काम करतं. अडगळीत त्याच्याही गुठळ्या होतात. वाईट असं की ह्या गुठळ्या नव्या कात्र्यांना खोलीपर्यंत पोचूच देत नाहीत. म्हणजे कात्री बोथट म्हणून गुठळी, आणि गुठळी म्हणून कात्री आणखी बोथट.

आई शेवटी शेवटी पडद्यामागे माणसं उभी आहेत म्हणायची, आठवतं? आपण म्हातारपण म्हणून सोडून दिलं. आता मला तसं वाटत नाही. म्हणून सोबत एक जाड कागदाचं कार्ड पाठवते. त्यावरच्या गोलांत बोट टोचून रक्ताचे थेंब टाक, वाळव आणि पाठव. माझ्या टेबलावर ते येणार नाही, घरच्यांचं तपासायचं नाही असा नियम आहे. ते दुसरी बाई करेल.

आणि दादा, डॉक्टर सांगेपर्यंत क्रेनवर चढू नकोस. रजा टाक.

बारकी

२० मार्च

बारके,

तू मला क्रेनवरून उतरवणारी कोण? तुला शाळेत सोडताना सायकलच्या दांडीवर बसवत होतो, तेव्हा कधी म्हणाली नाहीस, दादा, उतर.

रागावून पत्र फाडणार होतो. वहिनीनं फाडू दिलं नाही.

तुला माहीत नाही वर काय असतं. केबिनला तळाला काच आहे. पायाखाली सरळ समुद्र, जहाज, धक्का, आणि मुंग्यांएवढी माणसं. कंटेनरचा चाळीस टनांचा डबा दोरांवर झुलत येतो. तो नुसता सोडून द्यायचा नसतो. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतात, तसा टेकवायचा. खालचा खुणावाला म्हणतो, "तुमचा डबा टेकल्याचा आवाजच येत नाही." ह्यापलीकडे मला आयुष्यात काही येत नाही, आणि आता ह्या वयात दुसरं काही शिकणार नाही.

तरी गेलो होतो डॉक्टरकडे. बोटं आपटायला लावली, बोळात चालायला लावलं. मग वहिनीकडे बघत म्हणाला, "चालताना ह्यांचा डावा हात हलत नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं?" वहिनी म्हणाली, "मला वाटलं, ऐटीत चालतात." मग त्यानं नाव सांगितलं, कंपवात. तुला ते आधीच कळलेलं असणार. तुझ्या पत्रात ते ओळीओळीत होतं, फक्त लिहिलेलं नव्हतं.

पण ऐक, गोळी लागू पडलीय. घेतली की थोड्या वेळात हात असा स्थिर होतो, जणू देवघरातली समई. बंदरावरची तपासणी पास झालो. जायच्या आधी गोळी घेतली होती. डॉक्टरनं हात पुढे करायला सांगितले, केले. "ठणठणीत," म्हणाला. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ह्यात खोटं काय?

कार्डावर रक्त दिलंय. वहिनीनं सुई टोचली. मला वाटतं, बरगडीचा सूड घेतला.

दादा

२७ एप्रिल

दादा,

निकाल आला. तुझी कात्री साधारण माणसापेक्षा बरीच सावकाश चालते. त्यांनी मग जनुकही वाचलं. आईबाबांकडून एकेक प्रत मिळते, त्यांतली तुझी एक बिघडलेली आहे. बहुतेक आईकडून आली असणार.

घाबरवायला सांगत नाही. अशी एक प्रत असलेल्या पुष्कळ लोकांना आयुष्यभर काही होत नाही. पण ज्यांना हा आजार होतो, त्यांच्यात तो जरा लवकर येतो आणि डोक्याकडेही लवकर वळतो. डोक्याकडे म्हणजे विसरणं, गोंधळणं, नसलेलं दिसणं. तुझ्या गोळीनं कधी कधी हे दिसणं वाढतं. म्हणून काही वेगळं दिसलं, काहीही, तर डॉक्टरला लगेच सांगायचं. तुला ही समई-बिमई सुचते ना, ती सुचायची बंद झाली तरी सांग.

ठकूला सांगावं लागेल. तिच्याकडे ती प्रत गेली असण्याची शक्यता निम्मी आहे. पोटातल्या बाळाला लगेच धोका असा नाही. दोन्ही प्रती बिघडल्या तर लहानपणीच वेगळा आजार होतो, पण त्यासाठी जावईबापूंकडेही तीच चूक असायला हवी. ते तपासून मोकळं होता येतं. हे मी सांगू की तू?

निम्मी शक्यता माझीही आहे. मी अजून तपासलेलं नाही. परक्यांची कार्डं रोज हाताळते, त्यांच्या आकड्यांवर बिनदिक्कत सह्या करते, आणि स्वतःचं बोट टोचायची वेळ आली की मला दुसरं काम आठवतं.

पत्र संपवताना परत तेच. तपासणीत पास झालास म्हणजे बरा झालास असं नाही. एका गोळीपुरता बरा झालास. तुझ्या डब्याखाली माणसं असतात. मी त्यांच्यातल्या एखाद्याची बहीण असते तर?

बारकी

१९ ऑगस्ट

बारकीस,

दादांऐवजी मी लिहिते आहे. ते बसलेत समोर, पण लिहायला तयार नाहीत. तुझ्या एप्रिलच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही, ह्याचा राग धरू नकोस. ते पत्र त्यांनी खिशात घालून रोज वर नेलं.

गेल्या मंगळवारी ह्यांची पहिली पाळी होती. सुपरवायझर घरी येऊन सांगून गेला तसं लिहिते. ह्यांनी जहाजावरून डबा उचलला, धक्क्यावर आणला आणि हवेतच थांबवला. खालून खुणा करतात, हे हलेनात. रेडिओवर विचारलं, तर ह्यांचं उत्तर कुणाला ऐकूच येईना. नुसती खरखर. सगळं काम थांबलं. ट्रक खोळंबले. शेवटी दोघं जण वर चढले. तर ह्यांनी दांडी दोन्ही हातांनी आवळून धरलेली, अंग घामानं निथळतंय, आणि तोंडानं एकच, "बाई बसलीय. आधी तिला उतरवा. मग टेकवतो."

डब्याच्या टपावर एक बाई बसलेली ह्यांना दिसत होती. पाय खाली सोडून, भाजी निवडत बसल्यासारखी. कुणीच नव्हतं गं.

दुसऱ्यानं डबा खाली घेतला. ह्यांना हाताला धरून उतरवलं. खाली आल्यावर ह्यांनी डब्याभोवती फेरी मारली आणि सगळ्यांना विचारलं, "लागलं नाही ना तिला?" सुपरवायझर सांगताना रडला. म्हणाला, "वहिनी, दुसरा असता तर घाबरून डबा सोडला असता."

आता घरी असतात. नोकरी संपली. गोळी डॉक्टरनं कमी केली, तर बाई कमी दिसते पण हात सुटतो. वाढवली तर उलट. तूच म्हणाली होतीस ना, हे असंच असतं?

वहिनी

२ सप्टेंबर

बारके,

वहिनीनं सगळं लिहिलंच आहे. तुझं म्हणणं खरं निघालं. आता खूश हो. नाही, तसं नको. खोडत नाही, खोडलं की आणखी घाण दिसतं.

मी त्या बाईला नीट पाहिलं होतं. आई नव्हती ती. आपल्या ओळखीची कुणीच नव्हती. परकी बाई माझ्या डोक्यात कुठून आली? भंगाराच्या खोलीतून?

ठकूला मी सांगितलं. मुलगी झालीय तिला, कळलं असेलच. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला मांडीवर घ्या आधी." घेतलं नाही. हात.

डॉक्टर म्हणतो, तुमच्या गावात नव्या औषधाची चाचणी सुरू होतेय. बोथट कात्रीला आधार देऊन सरळ उभी करणारं औषध. तू त्यात आहेस का? असशील तर मला घाल. नसशील तर ओळख काढ.

दादा

११ सप्टेंबर

दादा,

त्या चाचणीत मी नाही, आणि ओळख काढून कुणाला घेत नाहीत. पण तुझ्यासारखीच बिघडलेली प्रत असलेली माणसं त्यांना हवी आहेत. डॉक्टरला चिठ्ठी द्यायला सांग. निम्म्यांना औषध मिळतं, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी, आणि कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत कुणालाच सांगत नाहीत.

आशा धर, पण मुठीत आवळून धरू नकोस. परीक्षानळीत ते औषध सुरेख चालतं. मी डोळ्यांनी पाहिलंय, मरगळलेली कात्री चटचट कापायला लागते. पण परीक्षानळीला दादा नसतो.

बारकी

३० मे

बारके

सात महिने झाले गोळ्या. मला फरक आहे. वहिनी नाही म्हणते. तिला दिसत नाही. मला खरंच औषधच मिळालं असणार, साखरेच्या गोळीनं इतकं बरं वाटत नाही.

बाई येते. पण आता लांब बसते. बोलत नाही. काल तिला खुर्ची दिली. वहिनी चिडली, कुणासाठी मांडताय म्हणाली. उभं ठेवायचं का बाईमाणसाला

तुझ्या औषधानं मी वर जाणार परत. त्यांना सांग

दादा

१६ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र तुम्हालाच लिहिते. दादाला वाचून दाखवू नका.

चाचणी थांबवली. ज्यांना औषध दिलं आणि ज्यांना साखरेची गोळी दिली, दोघंही सारखेच खालावले. दादाच्या वाट्याला औषधच आलं होतं. कात्री खरोखर वेगानं चालायला लागली होती, रक्तात दिसतंय. पण डोक्यातल्या गुठळ्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. बहुधा उशीर झाला होता, किंवा औषध तिथवर पोचलं नाही, किंवा आम्हाला मुळातच काहीतरी कळलेलं नाही. इतकी वर्षं ह्यात घालवून शेवटी मी तुम्हाला "बहुधा" लिहितेय, ह्याची लाज वाटते.

मागच्या आठवड्यात येऊन गेले, तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. निघताना तुमचा चेहरा पाहून जीभ उचलली नाही. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होता. मी दादासमोर बसले, तर तो एकदम ताठ झाला. डावा हात टेबलाखाली घेतला, मांडीखाली दाबला. मला "मॅडम" म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो मला बंदरावरची डॉक्टर समजून बोलत होता. इतक्या बारीक आवाजात की मला त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. म्हणाला, "मॅडम, माझी एक बहीण आहे. ती साखरेचं काम करते. औषध काढलंय तिनं, मी तेच घेतो. हल्ली पत्र लिहीत नाही, कामात असते." मग उजवा हात पुढे केला. "बघा. स्थिर आहे." तो हात पानासारखा थरथरत होता, वहिनी. त्याला दिसत नव्हतं, की दिसत होतं आणि मी बघू नये असं वाटत होतं, मला कळलं नाही.

"मग? जाऊ का वर?" त्यानं विचारलं.

मी त्याला काय सांगणार होते? की मीच बारकी? की औषध फसलं? मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "पास. ठणठणीत आहात." त्याचा चेहरा असा उजळला की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

परत आल्यावर बोट टोचलं. माझ्यातही तीच प्रत आहे. अजून काही झालेलं नाही, कदाचित होणारही नाही. हे ठकूला सांगू नका. तिनं मला स्पष्ट लिहिलंय, "आत्या, माझं मला कळायला नको. कळून तू तरी काय करणार आहेस?"

तुमची,
बारकी

५ नोव्हेंबर

बारकीस,

तुझं पत्र वाचलं आणि डोक्यावर हात मारून घेतला. म्हणजे हे तुझं काम होतं तर.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे पहाटेच उठतात. मला हाका मारून अंघोळ घालून घेतात. बंदराचा तो जाड कोट मागतात. घालून दारात स्टूल टाकून बसतात. "मॅडमनी पास केलंय," म्हणतात, "गाडी येईल आता." जिन्यात पाऊल वाजलं की उठायला बघतात. दोनदा पडले. दुपार होते, जेवण गार होतं. मी म्हणते, "आज गाडी नाही, सुट्टी आहे." मुकाट्यानं ऐकतात. दुसऱ्या दिवशी परत स्टूल. रोज कुठून आणू गं सुट्टी?

आधी बरं होतं असं नाही. आधी नुसते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आता चेहऱ्यावर तेज असतं, दुपारपर्यंत. मग उतरतं. ते उतरताना मला रोज बघावं लागतं.

तुझ्यावर रागावले नाही. मी तरी काय वेगळं केलं असतं? तुझ्या रक्ताचं वाचलं. काय बोलू? जपून राहा एवढंच म्हणते, आणि कशापासून जपायचं ते मलाही माहीत नाही. ठकूकडे मी तोंड उघडणार नाही.

पण एक मागणं आहे. सुट्टी काढून एकदा ये. तशीच समोर बस, मॅडम होऊन. आणि ह्यांना नापास कर. सांग, आता वर जायचं नाही, घरी बसा, तुमचं काम झालं. माझं ऐकत नाहीत, मी बायको आहे. मला जमणारही नाही. तुझं ऐकतील.

आज स्टुलावरच डोळा लागला. कोट काढायला गेले तर बटणं गच्च धरून ठेवली. म्हणाले, "राहू दे. सकाळी उशीर नको."

वहिनी